मोबाईलवरील संभाषण आणि स्वयंसेवकांचे कर्तव्य

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या स्वयंसेवकांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आशीर्वादपर दोन शब्द' असे छापले आहे. आशीर्वाद मी सकाळच्या मिस्सात दिलाच आहे. तेव्हा आता त्याच्या जागी मी आपणापुढे एक कबुली देणार आहे, आणि त्या कबुलीतून जो विषय निघेल त्याविषयी थोडे बोलणार आहे. शब्द दोनांहून अधिक होतील, याची आगाऊ क्षमा असावी.

पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. प्रवचन चालू असता तिसऱ्या बाकावर एका बाईंच्या हातात मोबाईल उजळलेला मला दिसला. बाई आपल्यापैकीच. जन्मभर शाळेत शिकविले, यजमान निवर्तले, मुलगा परदेशी. लहानथोर सर्वजण त्यांस 'टीचर' म्हणूनच हाक मारतात. (ही हकीकत मी त्यांच्या परवानगीने सांगत आहे, आणि दोनचार तपशील मुद्दाम बदलून सांगत आहे.) मी प्रवचन थांबविले, त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि म्हणालो, "देवाच्या घरात तरी हे यंत्र बंद असावे." सारी मंडळी मागे वळून पाहू लागली. टीचरांनी मान खाली घातली. मोबाईल मात्र बंद केला नाही. मला राग आला, हे मी लपवीत नाही.

त्या वेळी त्या मोबाईलच्या पलीकडे बसून एक मनुष्य माझे प्रवचन ऐकत होता.

गुरुवारी सकाळी त्याने टीचरांस प्रथम गाठले. तुमच्या नावाने परदेशी पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार कार्डावर बँकेत खोटी खाती उघडली गेली आहेत, मी पोलीस अधिकारी बोलत आहे, असे त्याने सांगितले. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल झाला. त्यात गणवेश होता, मागे टेबल होते, भिंतीवर राजमुद्रा होती. आणि शिक्कामोर्तब केलेले एक अटकेचे पत्रही पाठविण्यात आले. 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॅमेऱ्यासमोरून हलावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, मुलालाही कळवावयाचे नाही. तुमचे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, चौकशी संपताच परत मिळतील.' चार दिवस ही वृद्ध स्त्री स्वतःच्याच घरात कैदी होऊन राहिली. रविवारी मिस्सा चुकली तर शेजारीपाजारी चौकशीस येतील, असे तिने विनवून सांगितले, तेव्हा कॅमेरा चालू ठेवण्याच्या अटीवर तिला तासाभराची रजा मिळाली. त्या तासात मी तिला सर्वांदेखत बोल लावला.

तिला ओळखले ते गायनमंडळातील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. टीचरांनी भाकर स्वीकारावयास उठण्यापूर्वी मोबाईलकडे पाहून जणू परवानगी मागितली, हे त्या मुलीच्या नजरेस आले. ती उठून शेजारी जाऊन बसली आणि गीतांच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले, 'टीचर, कोणी त्रास देतंय का?' टीचरांनी नुसती मान हलविली. मुलीने मोबाईल हळूच त्यांच्या हातातून घेतला, कॉल बंद केला आणि त्यांस धरून बाहेर ग्रोटोजवळ नेले. मी वेदीवर असताना तिकडे १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली जात होती. बहुतेक शिल्लक शुक्रवारीच गेली होती. शनिवारी पाठविलेली एक रक्कम तेवढी वाटेत अडविता आली.

काही दिवसांनी मी टीचरांस विचारले, "मला का नाही सांगितलेत? मी तर दहा पावलांवर उभा होतो." त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मग तुम्हाला कसं सांगणार?"

बंधुभगिनींनो, आपले स्वयंसेवक-मंडळ या वाक्यातून जन्मास आले आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अजूनही पुष्कळांच्या मनात शंका असते. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची पद्धत आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. कोणतेही सरकारी खाते, न्यायालय अथवा रिझर्व्ह बँक तपासणीसाठी म्हणून कोणाचे पैसे स्वतःकडे मागवून घेत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हीच गोष्ट साऱ्या देशास सांगितली. तरीही शिकलेसवरलेले लोक फसतात. ते मूर्ख असतात म्हणून फसत नाहीत. उलट माझा अनुभव असा की, जो मनुष्य जन्मभर कायद्यास भिऊन वागला, ज्याने तिकिटावाचून कधी लोकलमध्ये पाऊल ठेवले नाही, तोच 'पोलीस' हा शब्द ऐकून प्रथम गळाठतो.

आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "फादर, या साऱ्याचे मूळ तो मोबाईल, तो फेकून द्या म्हणजे झाले." आपल्या ठाण्यास आगगाडी आली ती १८५३ च्या एप्रिलात, आणि पुढल्या वर्षी ती कल्याणास पोहोचली. रुळांवर माणसे मरू लागली म्हणून कोणी रूळ उखडले नाहीत; फाटक घातले, निशाण दाखविणारा मनुष्य उभा केला, पादचाऱ्यांसाठी पूल बांधले. डोंबिवलीच्या गर्दीत रोज सकाळी लोकल पकडणाऱ्यांस मी हे अधिक काय सांगावे? मोबाईलवर आज पेन्शन येते, मुलांचा अभ्यास येतो, परदेशी असलेल्या लेकीचा चेहरा दिसतो. ज्या विधवेला संध्याकाळी बोलावयास कोणी नाही तिला 'मोबाईल टाकून दे' असे सांगणे म्हणजे तिची खिडकी भिंतीने बुजविणे होय. आपणास फाटकावरचा मनुष्य हवा आहे.

आता चोर कोण, याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तो नेहमी कोठून तरी दूरून येतो अशी आपली समजूत असते. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे काही कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. तेथून रात्रीच्या वेळी अमेरिकेतील लोकांस फोन जात. बोलणारा स्वतःस तिकडच्या करखात्याचा अधिकारी म्हणवी, कर थकला आहे, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील, अशी धमकी देई, आणि दंड म्हणून दुकानातून भेटकार्डे विकत घेऊन त्यांवरील आकडे वाचून दाखवावयास लावी. सातशेहून अधिक कामगारांस चौकशीसाठी ताब्यात घेण्यात आले व सुमारे सत्तर जणांस अटक झाली. ती बहुतेक वीस-पंचवीस वर्षांची मुले होती. इंग्रजी चांगले म्हणून नोकरी मिळाली. समोर छापील कागद, त्यावर कोणते वाक्य केव्हा म्हणावयाचे ते लिहिलेले. अमेरिकेतील कोणी म्हातारी रडू लागली तर काय बोलावे, हेही शिकविलेले असे. आज टीचरांस जी भाषा ऐकावी लागली तिची तालीम आपल्याच जिल्ह्यात होत होती, हे आपण विसरू नये. ती मुले कोणा आईबापांची होती, आणि पगाराची पहिली पुरचुंडी त्यांनी घरी आणली तेव्हा घरच्यांनी काय विचारले असेल, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. आपल्या समाजात इंग्रजी बोलणारी, नोकरीच्या शोधात असलेली मुले थोडी नाहीत. २०२५ च्या मार्चात म्यानमारच्या सीमेवरील अशाच फसवणुकीच्या अड्ड्यांतून पाचशेहून अधिक भारतीयांस सरकारने विमानाने परत आणले. परदेशी उत्तम पगाराची नोकरी असे सांगून नेलेल्या पुष्कळांस तेथे डांबून त्यांच्याकडूनच लोकांस फसविण्याचे काम करून घेत. तेव्हा आपल्या टेबलाशी कोणी तरुण 'फादर, नोकरीची ऑफर आली आहे, जरा पाहता का' म्हणून आला, तर तेही आपल्या कामाचेच समजावे. त्याला वाचविले म्हणजे त्याच्या हातून पुढे फसणारेही वाचतात.

पैसा गेला तर दुःख होते. मूल गेले तर काय होते, हे कल्याणातील चार घरांनी पाहिले आहे. २०१४ च्या मे महिन्यात त्या शहरातील चार तरुण घर सोडून इराकमधील युद्धात सामील होण्यास निघून गेले. त्यांची मने इंटरनेटवरील संभाषणांनी फिरविली होती, असे तपासात पुढे आले. ती घरे आपल्या धर्माची नव्हती. त्यावरून त्या समाजाविषयी वावगे बोलणारे लोक मी ऐकले आहेत, आणि ते मला कधीच आवडले नाही. मुलगा बंद खोलीत रात्री कोणाशी बोलतो हे त्या आईबापांस कळले नाही. आपल्यापैकी किती जणांस ते कळते? हात वर करावयास मी सांगत नाही.

आता स्वयंसेवकांकडे वळतो.

ऐकण्याचे काम हे केवळ पदवी घेतलेल्यांचे आहे असे पुष्कळांस वाटते. मलाही सेमिनरीत असताना तसेच वाटे. तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान यांची पुस्तके वाचली म्हणजे माणसाचे मन वाचता येते, असा आमचा भ्रम होता. असो. लंडनमध्ये चॅड व्हारा नावाचे एक अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. १९३५ साली, नवखे असताना, त्यांस एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. वयात येताना शरीरात होणारा नैसर्गिक बदल हा काही भयंकर रोग आहे असे समजून तिने जीव दिला होता. विचारावयास तिला कोणी नव्हते. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली त्यांनी आपल्या देवळात एक टेलिफोन ठेवला आणि ज्यास जीव नकोसा झाला असेल त्याने तो उचलावा, असे जाहीर केले. लोक येऊ लागले, भेटीसाठी बाहेर बसू लागले. वाट पाहणाऱ्यांस चहा द्यावा म्हणून काही स्वयंसेवक येत. थोड्याच काळात व्हारांच्या ध्यानात आले की, बाहेर चहा घेता घेता बोलून मोकळे झालेल्या पुष्कळांस आत येण्याची गरजच उरत नाही! तेव्हा १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी टेलिफोन त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपविला. 'समॅरिटन्स' या नावाने ते कार्य पुढे जगभर पसरले. एका धर्मगुरूने आपल्यापेक्षा चहा देणारे अधिक उपयोगी आहेत हे कबूल करावे, ही गोष्ट मला फार शिकवून जाते.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी जी संस्था स्थापिली, तिच्या 'मैत्र' या दूरध्वनी-सेवेत शिकवून तयार केलेले स्वयंसेवक हेच ऐकण्याचे काम करीत आले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. तिने तर टेलिफोनाच्या जोडीला लेखी चॅटनेही लोकांशी बोलण्याची सोय केली. ज्या यंत्रातून लांडगा आत येतो त्याच यंत्रातून मेंढपाळाचीही हाक जाऊ शकते, असे मी म्हणतो ते यामुळे.

आपल्या टेबलावर जे बसतील त्यांनी पहिला नियम हा पाळावा की, येणाऱ्याचा मोबाईल येणाऱ्याच्याच हातात राहील. त्यास दाखवावे, त्याच्या बोटाने करवून घ्यावे. पिन, पासवर्ड, ओटीपी यांपैकी काही विचारू नये, आणि तो आपण होऊन सांगू लागला तर कानांवर हात ठेवावे. 'मदत करणारा' म्हणून आकडे विचारणाऱ्यास नाही म्हणण्याची सवय त्यास आपल्याच टेबलावर लागली पाहिजे. व्हॉट्सॲपवर दुहेरी पडताळणी लावणे, ओळखीवाचून कोणी ग्रुपमध्ये ओढू नये अशी सोय करणे, ही कामे पाच मिनिटांची आहेत. पैसे गेले असतील तर उपदेश आधी नको, १९३० आधी हवा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असतो. तक्रार लवकर पोहोचली तर पुढील बँकेस कळवून तो जागीच अडविता येतो. तो कोणी रोख काढून नेला म्हणजे हात चोळीत बसावे लागते. नंतर सरकारच्या सायबर-गुन्हे पोर्टलवर तक्रार पुरी करावी. संदेश, क्रमांक, व्यवहाराच्या नोंदी यांपैकी काहीही पुसू नये, सर्वांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. लाजेपोटी लोक प्रथम पुरावाच पुसून टाकतात.

लाज हा शब्द आला आहे तर त्याविषयी थोडे मोकळेपणाने बोलणे भाग आहे. लहान मुले येथे नाहीत असे मी पाहून घेतले आहे. अनोळखी स्त्रीचा फोटो लावून तरुणांशी, आणि प्रौढ गृहस्थांशीही, ओळख केली जाते. मग व्हिडिओ कॉल, मग नको ते दृश्य, आणि दुसऱ्या मिनिटास धमकी की पैसे दे, नाहीतर हे चित्र तुझ्या सर्व नातलगांस पाठवितो. पैसे दिले तर मागणी थांबत नाही, वाढते. असा कोणी आपल्याकडे आला तर त्यास एवढेच सांगावे की, पैसे देऊ नकोस, पुरावा ठेव, त्यास ब्लॉक कर, आणि आपण दोघे आता तक्रार करू. पापाचा विचार त्याने माझ्याकडे येऊन करावा. त्यासाठी कुमसार आहे. टेबलावर बसणाऱ्याने कपाळास आठी घालू नये. अशा धमक्यांपायी मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. कोणाच्या बोलण्यात तशी निराशा आढळली तर त्यास एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा रात्रंदिवस चालू असते, तेथे त्याच्यासमक्ष फोन लावावा.

आणि आता सर्वांत कठीण गोष्ट. मूल जेव्हा बोलावयास येते तेव्हा प्रथम म्हणते, "कोणाला सांगणार नाही ना?" आणि आपण मायेने म्हणतो, "नाही रे बाळा." हे वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे, अथवा होण्याचा संभव आहे, असे ज्यास कळले त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. मुलाचे नाव बाहेर फोडणे हाही गुन्हा आहे, हेही तितकेच लक्षात ठेवावे. पापनिवेदनाची मुद्रा ही वेगळी गोष्ट आहे. ती धर्मगुरूवर आहे आणि ती मोडता येत नाही. टेबल म्हणजे कुमसारघर नव्हे, आणि तेथे बसणाऱ्याने आपणास पाद्री समजू नये. मुलास खरे तेच सांगावे: "मी सर्वांना सांगणार नाही, पण तुला वाचविण्यासाठी ज्याला सांगावे लागेल त्याला सांगीन, आणि तुला विचारून, तुझा हात धरून सांगीन." काही मुले हे ऐकून गप्प होतील, हे मी जाणतो. तेथे मन घट्ट करावे लागते. त्या मुलास बिघडविणाराही हेच म्हणत आला आहे की, हे आपल्या दोघांतच राहू दे. टीचरांच्या 'पोलिसाने'ही हीच अट घातली होती. आपण त्याचे वाक्य उचलू नये. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक प्रत्येकाने पाठ करावा, आणि अठरा वर्षांखालील मुलाशी बोलताना दार उघडे ठेवून, दुसरा स्वयंसेवक दिसेल असे बसावे. हा नियम मलाही लागू आहे. ख्रिस्तसभेतील आम्हा लोकांच्या हातून या बाबतीत जगभर जे घडले, त्यानंतर हे सांगताना कोणाची भीड धरण्याचा हक्क आम्हांस उरलेला नाही.

मी अडचणीही पाहिल्या आहेत. एका कार्यालयात टीचरांबरोबर गेलो असता तेथील गृहस्थ हसून म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या, आणि तरी?" टीचर पुन्हा तेथे जाईनात. तेव्हा तक्रारीस जाणाऱ्याबरोबर एकाने जावेच. फार बोलू नये, शेजारी बसावे, आणि पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा.

आता व्यवस्थेचे सांगून थांबतो. पुढील रविवारपासून सकाळच्या दोन्ही मिस्सांनंतर ग्रोटोजवळ टेबल मांडले जाईल. पाऊस असेल तर हॉलच्या व्हरांड्यात. दोन तरुण व एक वडीलधारी व्यक्ती अशी पाळी राहील. बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या दोन बंधूंनी नावे दिली आहेत. कोळीवाड्यातील भगिनींपैकी कोणी पुढे आल्यास फार बरे, कारण तेथील आज्या हॉलपर्यंत येत नाहीत, त्यांच्या ओट्यावरच जावे लागेल. आजारी माणसांस ख्रिस्तशरीर देण्यास जे घरोघर जातात त्यांनीही, त्या घरी कोणी एकाएकी मोबाईल लपवू लागले आहे काय, एवढे पाहून यावे.

पहिल्या रविवारच्या पाळीस टीचर स्वतः बसणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे की, फादरांनी प्रवचन थांबवून कोणाच्या मोबाईलविषयी पुन्हा बोलू नये. वाटल्यास मिस्सा संपल्यावर जवळ जाऊन विचारावे. ती मी मान्य केली आहे.